प्रवासाचा उपदेश

बहिणीला भेटायला जायचं तर माणसाला काय लागतं? एक पिशवी लागते, पिशवीत कपड्यांचा एक जोड लागतो, आणि निघताना बायकोने मागून “छत्री घेतलीत का?” असं ओरडावं लागतं. वेलांटीरावांना एकोणीस कागद लागले. आणि त्यातल्या एका कागदावर त्यांनी लाल पेन चालवलं नसतं, तर कदाचित अठरात भागलं असतं.

वेलांटीराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. सरकारी छापखान्यात ते सव्वीस वर्षं मुद्रितशोधक होते. म्हणजे छापायला जाणाऱ्या कागदातल्या चुका हुडकून त्या लाल शाईने समासात मांडायच्या, हे त्यांचं काम. लोकांच्या ऱ्हस्व वेलांट्या दीर्घ करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की घरमालकसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या तपासत चालायची त्यांना सवय होती. त्यापायी ते दोनदा विजेच्या खांबावर आपटले होते, आणि दोन्ही वेळा चूक पाटीचीच निघाली होती, असं ते अभिमानाने सांगत.

तर महिन्याच्या दोन तारखेला ताईचा फोन आला.

“अरे, घर विकलं रे. वीस तारखेला थोरला मला त्याच्याकडे घेऊन जातोय. गाडीने दोन दिवस लागतात म्हणे. त्याआधी एकदा येऊन जा.”

ताई नदीपलीकडे राहत होती. छापखान्याच्या तिसऱ्या मजल्यावरून पलीकडच्या काठावर वाळत घातलेले कपडे दिसत, इतकं ते जवळ. मध्ये पायी जायचा पूल, रमतगमत गेलं तरी दहा मिनिटांचा. पण पलीकडचा काठ दुसऱ्या देशाचा होता, आणि बारा वर्षांपूर्वी सरकारने ठरवलं होतं की नागरिकाला देशाबाहेर पाऊल टाकायचं असेल तर आधी ‘प्रयाण परवाना’ काढला पाहिजे. का, ते सरकारने सांगितलं नव्हतं आणि लोकांनी विचारलं नव्हतं. तिकडून इकडे यायला बंदी नव्हती. त्यामुळे ताईच येत असे, पिशव्या भरभरून. चार वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले, पुलाच्या बेचाळीस पायऱ्या चढवेनात, आणि येणं थांबलं. वेलांटीराव मात्र ‘बघू, काढू परवाना’ असं म्हणत राहिले. दहा मिनिटांवर असलेल्या माणसाकडे जायचं राहून जातं, तसं राहून गेलं.

वेलांटीरावांनी फोन ठेवला. मग बायकोला म्हणाले, “मी परवाना काढतोय.”

“काढा,” बायको म्हणाली. “चार वर्षं मी हेच सांगतेय.”

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहत. परवान्याच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा समजला जाई, कारण त्यांचा अर्ज तीन वेळा नामंजूर झाला होता. ज्यांना परवाना पहिल्या फटक्यात मिळे त्यांना त्यातलं काहीच कळत नसे. ते आपले जाऊन येत. डॉक्टरांना मात्र नियम, पोटनियम आणि कुठल्या खिडकीचा पंखा चालतो, हे सगळं तोंडपाठ होतं.

“सकाळी सातला रांगेत उभे राहा,” डॉक्टर म्हणाले. “हसू नका. हसणारा माणूस पळून जाणार असं त्यांना वाटतं. फार गंभीरही राहू नका, गंभीर माणूस नक्कीच पळून जाणार असतो. आणि सहा नंबरच्या रकान्यात जपून लिहा. मी तिन्ही वेळा तिथेच आपटलोय.”

“काय आहे त्या रकान्यात?”

“ते कळलं असतं तर आपटलो असतो का?”

दुसऱ्या दिवशी वेलांटीराव मध्यम चेहरा करून सातला रांगेत उभे राहिले. साडेअकराला खिडकी क्रमांक चारमधल्या बाईंनी फॉर्म दिला. वेलांटीरावांनी तो उभ्या उभ्या वाचायला घेतला. भरायला नव्हे, वाचायला. दुसरी माणसं फॉर्म भरतात, वेलांटीराव आधी तपासतात. पाचव्या रकान्यापर्यंत त्यांची मुद्रा प्रसन्न होती. सहाव्यावर ती पालटली. तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘प्रवासाचा उपदेश’.

“बाई, इथे चूक आहे.”

“कुठे?”

“रकाना सहा. ‘उपदेश’ नव्हे, ‘उद्देश’ पाहिजे. प्रवासाचा उद्देश.”

बाईंनी फॉर्म लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. “बारा वर्षं हाच फॉर्म आहे, काका.”

“मग बारा वर्षं चूक आहे.”

“लोक भरतात की.”

“काय भरतात?”

बाईंनी मागचा गठ्ठा ओढला आणि वाचून दाखवलं. ‘पाणी उकळून प्यावे.’ ‘अनोळखी माणसाच्या हाती सामान देऊ नये.’ ‘खिडकीशेजारी बसू नये, कान दुखतो.’ एका आजोबांनी तर दोन पुरवण्या जोडल्या होत्या.

“आणि हे वाचून साहेब परवाना देतात?”

“उपदेश पटला तर देतात,” बाई म्हणाल्या. “एक दातांचे डॉक्टर दरवेळी लिहितात, ‘प्रवासात गोड खाऊ नये.’ साहेबांना गोड फार आवडतं. काय करणार?”

इथे शहाणा माणूस काय करतो? ‘उपदेश: गर्दीत पाकीट सांभाळावे’ असं लिहून मोकळा होतो. वेलांटीरावांनाही हे सुचलं. त्यांनी निळं पेन उघडलं, रकान्यावर टेकवलंसुद्धा. पण हात चालेना. सव्वीस वर्षांत त्यांनी चुकीच्या शब्दापुढे मान तुकवली नव्हती. त्यांनी निळं पेन खिशात ठेवलं, लाल काढलं, ‘पदे’वर सरळ काट मारली, समासात सुबक अक्षरांत ‘द्दे’ लिहिलं, खाली सही केली, आणि मगच पुढे ‘बहिणीची भेट’ असं भरलं.

बाई किंचाळल्याच. “अहो काका! लाल शाईने फक्त साहेब लिहितात! हा फॉर्म बाद झाला!”

“बाद कसा? आता तर तो बरोबर झालाय.”

“मला हा वर पाठवावा लागेल.”

“अवश्य पाठवा,” वेलांटीराव म्हणाले, आणि दुसरा फॉर्म निळ्या शाईत भरून, त्यालाही सोबत एक नम्र दुरुस्तीपत्रक जोडून, देशसेवा केल्याच्या समाधानात घरी आले.

फॉर्मसोबत बाईंनी लागणाऱ्या कागदांची यादी दिली होती. तिच्यात पहिलंच होतं, ‘अनावश्यकता प्रमाणपत्र’. देशाला ज्याची गरज आहे असा माणूस बाहेर जाऊ नये म्हणून, अर्जदाराची कुणालाही गरज नाही असं त्याच्या कचेरीने आणि घरच्यांनी लिहून द्यायचं होतं.

वेलांटीरावांना वाटलं, इथे अडणार. छापखान्याचे व्यवस्थापक आपल्याला सोडायला तयार होणार नाहीत. वर्षाचा मोठा सरकारी अहवाल छपाईला आलेला. आपण काय काय बोलून त्यांची समजूत घालायची, हे ते जिन्यात ठरवत गेले. व्यवस्थापकांनी ऐकून घेतलं, पेन काढलं आणि लिहिलं: ‘यांच्या अनुपस्थितीमुळे कार्यालयाचे कोणतेही नुकसान होणार नाही, किंबहुना’. तेवढ्यात कुणीतरी आत आलं, आणि त्यांनी कागदावर सही ठोकून तो पुढे केला.

“साहेब, वाक्य अपुरं आहे,” वेलांटीराव म्हणाले. “‘किंबहुना’च्या पुढे काहीतरी पाहिजे.”

“अरे हो.” व्यवस्थापकांनी कागद मागे घेऊन ‘कामास वेग येईल’ एवढं जोडलं. “आता?”

“आता व्याकरण बरोबर आहे,” वेलांटीराव म्हणाले, आणि जिना उतरताना प्रथमच त्यांनी एकाही पाटीकडे पाहिलं नाही.

घरी बायको भाजी निवडत होती. तिने ओल्या हाताने पेन धरलं आणि उभ्यानेच लिहिलं: ‘यांच्यावाचून घरात काहीही अडत नाही.’ अर्धं मिनिट लागलं.

“थोडा विचार तरी करायचास,” वेलांटीराव म्हणाले.

“अहो, फॉर्मवर तसंच लिहायचंय ना?”

“तसंच लिहायचंय. पण थोडं थांबून. मधे एखादा उसासा टाकून.”

“उसासा कुठल्या रकान्यात येतो?” असं म्हणून ती पुन्हा भाजीकडे वळली.

तोवर तळमजल्यावरच्या शिवणाऱ्या बाईंपर्यंत बातमी गेली होती. जिन्यातली बातमी त्यांच्या मशीनखालून गेली की थोडी सैल होऊनच बाहेर पडे. वेलांटीराव दोन दिवस बहिणीकडे जाणार, याचं त्यांनी ‘वेलांटीराव कायमचे देश सोडणार’ असं करून टाकलं होतं. संध्याकाळी त्या टेप घेऊन वर आल्या आणि खिडकीशेजारच्या टेबलाची लांबी मोजू लागल्या.

“हे काय चाललंय?”

“काही नाही हो. तुम्ही गेल्यावर वहिनी एकट्या. एवढं मोठं टेबल काय करायचंय त्यांना? माझ्या कापडाला उजेड पाहिजे.”

“मी दोन दिवसांनी परत येणार आहे!”

“सगळे असंच म्हणतात,” बाई कळवळून म्हणाल्या, आणि रुंदीही मोजून घेतली.

वेलांटीराव नऊ तारखेला उरलेले कागद घेऊन परवाना कचेरीत गेले, तर खिडकी क्रमांक चार बंद. दारावर पाटी: ‘फॉर्ममध्ये दोष आढळल्याने पुढील आदेशापर्यंत परवाने बंद.’ बाहेर पन्नासेक माणसं ताटकळत होती. कुणाची मुलाखत होती, कुणाच्या मुलीचं लग्न, एक बाई तर नातवाच्या बारशाला निघालेल्या आणि नातू आता चालायला लागलेला.

“कुणीतरी म्हणे फॉर्ममध्ये चूक काढली,” एकजण म्हणाला.

“कोण तो शहाणा?”

“सापडला तर त्याला चांगला उपदेश करू.”

वेलांटीरावांनी सावकाश लाल पेन खिशातून काढून मोज्यात सरकवलं. पण नेमक्या त्याच वेळी बाजूच्या दारातून चार नंबरच्या बाई बाहेर आल्या आणि लांबूनच हात करून म्हणाल्या, “अहो उद्देशवाले काका! तुमचं पत्र आलंय!”

त्या पन्नास जणांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर कुठल्याही विरामचिन्हात मांडता येणार नाही.

पत्र चौकशीचं होतं. सदर फॉर्म सरकारी छापखान्यात छापला गेला. सबब तो ज्या मुद्रितशोधकाने तपासून मंजूर केला त्याची खातेनिहाय चौकशी व्हावी. आणि मुद्रितशोधक कोण, ते छापखान्याच्या नोंदवहीत स्वच्छ लिहिलेलं होतं. बारा वर्षांपूर्वीची तारीख, फॉर्मचा क्रमांक, आणि पुढे वेलांटीरावांची स्वतःची सुबक सही.

त्यांनी वही मिटून पुन्हा उघडली, सही तीच होती. बारा वर्षांपूर्वी आपल्या हातून ‘उपदेश’ सुटला? लोकांनी बारा वर्षं पाणी उकळून प्यायला सांगितलं ते आपल्यामुळे? त्यातही वाईट म्हणजे पत्राच्या तळाशी एक ओळ होती: ‘ज्याची चौकशी चालू आहे अशा इसमास देशाबाहेर जाता येणार नाही.’

त्या दिवशी त्यांनी ताईला फोन केला. “ताई, जरा अडचण आलीय.”

“काय रे?”

“मी एका माणसाची चूक काढली, आणि तो माणूस मीच निघालो.”

ताई इतकी हसली की तिला खोकला लागला. “लहानपणी आरशात बघून स्वतःलाच रागे भरायचास, तसाच राहिलास बघ. ये रे पण. मी सगळं बांधून ठेवलंय. दोन कप तेवढे बाहेर ठेवलेत.”

त्या दोन कपांनी वेलांटीरावांना स्वस्थ बसू दिलं नाही. एरवी ते चौकशीपुढे मान खाली घालून बसले असते. पण ते तडक छापखान्याच्या तळघरातल्या दफ्तरखान्यात गेले. तिथे छापलेल्या प्रत्येक कागदाची मूळ तपासणीची प्रत बांधून ठेवलेली असे. तीन दिवस ते कामाच्या वेळेनंतर तासभर त्या गठ्ठ्यांत बुडून राहिले. धुळीने शिंका आल्या, डोळे चुरचुरले, एक घडवंची मोडली. चौथ्या दिवशी, म्हणजे तेरा तारखेला, प्रत मिळाली.

रकाना सहा. ‘प्रवासाचा उपदेश’. आणि समासात, फिकट झालेल्या लाल शाईत, त्यांचंच अक्षर: ‘उद्देश? कृपया खात्री करावी.’ त्याच्याखाली हिरव्या शाईत दुसऱ्याचं, घाईचं अक्षर: ‘काही गरज नाही. मुळात आहे तसेच ठेवावे.’ खाली सही.

त्या तळघरात, मोडक्या घडवंचीशेजारी, वेलांटीराव एकटेच हसले. डोळे पुसले, तेही धुळीमुळे असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आपण चुकलो नव्हतो. आपलं ऐकलं गेलं नव्हतं, एवढंच. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हा फरक त्यांना फार मोठा वाटला.

त्यांनी ती प्रत व्यवस्थापकांना दाखवली. व्यवस्थापकांनी हिरवी सही बघितली आणि चहाचा कप बाजूला सारला.

“ही सही कुणाची आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?”

“नाही. अक्षर वाईट आहे.”

“अहो, हे तेव्हा साधे अधिकारी होते. आता परवाना कचेरीचे मुख्य साहेब आहेत! तुमच्या चौकशीचा हुकूम यांनीच काढलाय!”

व्यवस्थापकांनी लगेच तिकडे फोन लावला, आणि दुसऱ्याच दिवशी मुख्य साहेबांनी वेलांटीरावांना बोलावून घेतलं. खोली मोठी, टेबल त्याहून मोठं, आणि टेबलावर मिठाईचा डबा.

“बसा, बसा. ती तपासणीची प्रत कुठे आहे म्हणालात?”

“दफ्तरखान्यात, साहेब. जिथली तिथे ठेवली. नियमच आहे तसा.”

“आणखी कुणी पाहिली?”

“आमच्या व्यवस्थापकांनी. पण चौकशीत सगळेच पाहतील ना! मी तर चौकशीची वाटच पाहतोय.” वेलांटीरावांनी हे अगदी भाबडेपणाने सांगितलं. समोरच्या माणसाला घाम का फुटलाय, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. खोलीत उकडतंय असं त्यांना वाटलं.

साहेबांनी मिठाईचा डबा पुढे केला. “काय आहे, वेलांटीराव, एवढ्यातेवढ्यासाठी चौकशी म्हणजे तुमच्यासारख्या जुन्या माणसाचा अपमान आहे. मी ती रद्द करतो. फॉर्मही दुरुस्त करून घेऊ. आणि तुम्हाला बहिणीकडे जायचंय, नाही का? बहीण म्हणजे... बहीणच.” साहेबांनी आवाज ओला केला. “कधी जाता?”

“सतराला सकाळी. अठराला संध्याकाळी सहापर्यंत परत.”

“अगदी परत यायलाच पाहिजे असं नाही,” साहेब पुटपुटले.

“काय म्हणालात?”

“काही नाही. फक्त एक. तुमच्या कागदांवरून तुमची इथे कुणालाच गरज नाही. मग तुम्ही परत कशाला याल, असं चौकीवर विचारतील. तेव्हा तुम्ही इथे हवे आहात, नक्की परत याल, असं तिघांकडून लिहून आणा. नातेवाईक चालत नाहीत. तुम्ही वेळेवर आला नाहीत, तर त्या तिघांनी रोज सकाळी सातला इथे येऊन हजेरी लावायची.”

“पण साहेब, मी अनावश्यक आहे असं तर आमच्या कचेरीने लिहून दिलंय.”

“जाताना अनावश्यक, येताना आवश्यक,” साहेब म्हणाले. “नियम अगदी स्पष्ट आहे.”

साहेब फार सहृदय आहेत, असं वेलांटीराव घरी येऊन बायकोला सांगत होते. बायकोला सगळं कळलं होतं; पण नवऱ्याचा माणुसकीवर बसलेला विश्वास तिने त्या दिवशी दुरुस्त केला नाही.

तीन सह्यांचं काम मात्र सोपं नव्हतं. डॉक्टर आधी तयारच होईनात. “माझ्या नावावर आधीच तीन नकार आहेत. तुम्ही आला नाहीत तर मी रोज सातला रांगेत. माझे पेशंट काय तोंड उघडून बसतील?”

“डॉक्टर, मी येणार नाही असं वाटतं तुम्हाला?”

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. “तुम्ही? तुम्ही सहा म्हणजे पावणेसहाला याल. द्या इकडे.” आणि सही करता करता हळूच विचारलं, “रकान्यात खरंच ‘उद्देश’ होतं होय? मी आपला गोड खाऊ नये, गोड खाऊ नये लिहीत बसलो.”

शिवणाऱ्या बाईंना सही करणं जिवावर आलं, कारण टेबल हातचं जात होतं. पण वेलांटीरावांच्या बायकोने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हे परत आले नाहीत तर दुकान बंद ठेवून रोज हजेरीला जायचं तुम्हालाच, आणि हे परत आले तर दुपारच्या वेळी टेबल वापरायला माझी हरकत नाही. बाईंनी सही केली.

व्यवस्थापकांकडे जाताना वेलांटीराव पुन्हा जिन्यात घुटमळले. पण आत गेल्यावर पाहतात तो व्यवस्थापक डोक्याला हात लावून बसलेले. वेलांटीराव तीन दिवस गठ्ठ्यांत मन घालून बसले, तेवढ्यात अहवालाची पहिली पन्नास पानं कुणी नीट न तपासताच छापली गेली होती, आणि त्यात ‘मंत्र्यांनी पूर पाहिला’च्या जागी ‘मंत्र्यांनी पूर वाहिला’ असं आलं होतं. व्यवस्थापकांनी कागद ओढला आणि लिहिलं: ‘यांची कार्यालयास नितांत गरज आहे.’ मग वर बघून विचारलं, “‘नितांत’मधला ‘नि’ ऱ्हस्वच ना?”

“ऱ्हस्वच,” वेलांटीराव म्हणाले. तो कागद त्यांनी घडी न घालता नेला.

सतरा तारखेला सकाळी आठ वाजता एकोणीस कागदांची फाइल छातीशी धरून वेलांटीराव पुलाच्या बेचाळीस पायऱ्या चढले. आपल्या बाजूच्या चौकीवर पाऊण तास गेला. प्रत्येक कागद उलटसुलट पाहिला गेला, तीन शिक्के बसले. दहा मिनिटं चालून ते पलीकडे पोचले. तिथे एक पहारेकरी स्टुलावर बसून पेरू खात होता.

“या,” तो म्हणाला.

“कागद?”

“कसले कागद?”

“माझे. एकोणीस आहेत.”

“असू द्या की.”

वेलांटीरावांना ते झेपेना. “एक तरी बघा हो,” ते म्हणाले. पहारेकऱ्याने भिडेखातर सगळ्यात वरचा कागद हातात घेतला, मान डोलावली आणि परत दिला. त्याने तो उलटा धरला होता, पण वेलांटीराव त्याला काही बोलले नाहीत.

ताई दारातच खुर्ची टाकून बसली होती. चार वर्षांत ती लहानशी झाली होती. त्यांनी वाकून पायांना हात लावला, तर तिने तिथल्या तिथे त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि केस बघितले.

“किती पांढरे झालेत रे! फोनवर आवाज तर काळाच असतो तुझा.”

मग पहिला तासभर कुणालाच काही बोलायला सुचेना. घर रिकामं होतं. भिंतींवर फोटोंच्या जागी चौकोनी डाग तेवढे राहिले होते. त्यांनी त्या दोन कपांतून चहा घेतला. दुसरा कप झाल्यावर ताई एकदम म्हणाली, “ती तुझी बाराखडीची पाटी मी फोडली होती. आईला तू फोडली असं सांगितलं.”

“मला माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू रडत होतीस.”

त्यानंतर मात्र दोघं थांबली नाहीत. दोन दिवस ती बांधलेल्या खोक्यांत काय काय आहे ते सांगत होती आणि ते त्यांवर चिठ्ठ्या लावत होते. ‘स्वयंपाकघर : पातेली (मोठी), झाकणे (न जुळणारी)’ असं त्यांनी लिहिलं की ताई म्हणे, “अरे, नुसतं ‘भांडी’ लिही ना! कुणी परीक्षा घेणार आहे का माझी?” आणि तरी संध्याकाळी शेजारणीला बोलावून तिने त्या चिठ्ठ्या कौतुकाने दाखवल्या. दोन्ही दुपारी जेवणानंतर ती तिथेच गादीवर कलंडे, आणि वेलांटीराव शेजारी भिंतीला टेकून बसून राहत. काही करत नसत. कितीतरी वर्षांनी त्यांच्यासमोर वाचण्यासारखं काहीच नव्हतं.

निघताना ताई म्हणाली, “तिकडे आता पूल नाही हं. दोन दिवसांची गाडी आहे.”

“येईन,” वेलांटीराव म्हणाले. “परवाना कसा काढायचा ते मला आता माझ्या नावासारखं पाठ झालंय.” ताई हसत असतानाच ते निघाले, म्हणून पायऱ्या चढताना वळून बघता आलं.

पावणेसहाला ते पुलाच्या मध्यावर होते. समोर, आपल्या बाजूच्या फाटकापाशी, काही माणसं उभी दिसली. ते जरा पुढे झाले आणि त्यांनी डोळ्यांवर हात धरला. बायको होती. तिच्या शेजारी दातांचे डॉक्टर, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटावरच आलेले, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी नेऊन पाहत होते. शिवणाऱ्या बाई टाचा उंचावून पुलाकडे बघत होत्या. आणि व्यवस्थापक, जे सव्वीस वर्षांत कधी कुणाला घ्यायला दारापर्यंत आले नव्हते, ते चक्क येरझाऱ्या घालत होते.

ते का आले आहेत, हे वेलांटीरावांना पक्कं ठाऊक होतं. सहा वाजून एक मिनिट झालं तर त्यातल्या तिघांना रोज सातची हजेरी होती. तरीसुद्धा ते थांबले. फाइल कठड्यावर ठेवली, कोपर टेकले आणि निवांत उभे राहिले. नदी संथ वाहत होती.

पुलावरचा शिपाई जवळ आला. “चला काका, पुढे चला. इथे थांबायचं नसतं.”

“माझा परवाना सहापर्यंत आहे. वाजले किती?”

“पाच पन्नास.”

“मग थांबू द्या पाच मिनिटं.”

“काय झालं? पाय दुखतात का?”

“नाही हो,” वेलांटीराव म्हणाले. “ती तिकडे माणसं दिसतात ना फाटकाशी? माझी वाट बघताहेत. चौघंच्या चौघं.”

शिपायाने फाटकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि तोही शेजारी कठड्याला टेकून उभा राहिला.